चिनी-इंग्रजी कोश अनुवादकाला कुठवर पुरतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकीची असेल तर लगेच कळेल. तुम्ही एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची पाचवी पातळी पास झाला आहात. चाकणच्या एका कारखान्याकडून मशीनची चिनी कागदपत्रं इंग्रजीत करून द्यायचं काम मिळायला लागलंय. मोबाइलवर प्लेको हे चिनी कोशांचं अ‍ॅप आहे. एक ज्येष्ठ सांगतात, ‘अ‍ॅपवर भागत नाही, एक दणदणीत छापील कोश घे.’ आप्पा बळवंत चौकात जुना मॅथ्यूज कोश मिळतोय, तो घ्यावा का, आणि एकूणात सगळ्यांत चांगला चिनी-इंग्रजी कोश कोणता, असं तुम्ही विचारलंय.

मॅथ्यूजचं शेवटी बघू. आधी ‘सगळ्यांत चांगला’ या शब्दांपाशी थांबतो, कारण खरी अडचण तिथे आहे. मी वीसेक वर्षं हेच काम करतोय: मॅन्युअलं, करार, टेंडरं, अधूनमधून वकिलांनी पाठवलेले कागद. साहित्याचा अनुवाद माझ्या हातून फार थोडा झालाय, तेव्हा कादंबरी करणाऱ्याचं उत्तर वेगळं असेल. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. कोश कोणासाठी बनवलाय हे पाहिल्याशिवाय तो चांगला की वाईट हे ठरवता येत नाही, आणि अनुवादकासाठी म्हणून बनवलेला चिनी-इंग्रजी कोश जवळजवळ नाहीच.

दोन उदाहरणं घ्या. पेकिंगच्या परभाषा संस्थेतल्या मंडळींनी वू जिंगरोंग यांच्या संपादनाखाली केलेला ‘हान-यिंग त्सदियान’ १९७८ साली बाजारात आला. कॉलेजात आमच्या पिढीच्या हाती तोच होता. करणारे चिनी, आणि वापरणारेही मुख्यतः इंग्रजीत लिहू पाहणारे चिनी. त्यामुळे त्यात प्रत्येक शब्दाला जोडून आख्खी वाक्यं आहेत, आणि ती सत्तरच्या दशकातली असल्याने क्रांती, उत्पादन आणि जनतेची सेवा यांची नुसती रेलचेल. १९९५च्या आवृत्तीत ती बरीच निवळली. याउलट जॉन डीफ्रान्सिस यांचा एबीसी कोश, हवाई विद्यापीठाने १९९६ साली काढलेला. तो इंग्रजी जाणणाऱ्या वाचकासाठी आहे. चिनी शब्द कानावर पडला, अक्षर ठाऊक नाही, तरी पूर्ण शब्दाच्या पिनयिन, म्हणजे रोमन लिपीतल्या स्पेलिंगने तो थेट सापडतो. आधी पहिलं अक्षर शोधा, मग त्याच्या पोटात शब्द शोधा, ही कटकट नाही. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. पण पहिला चिनी माणसाला इंग्रजी पुरवतो आणि दुसरा परक्याला चिनी समजावतो. तुम्हाला तर चिनी वाक्य नेमकं काय बांधून घेतंय हे कळायला हवं, आणि त्याच वजनाचं इंग्रजी वाक्य उभंही करायचंय. दोन्ही कोश तुम्हाला अर्ध्या वाटेपर्यंत सोडतात.

आता माझीच एक फजिती सांगतो.

सुरुवातीच्या काळात एका खरेदी-कराराचं काम आलं होतं. मशीन चीनमधून येणार, खरेदीदार आपल्याकडचा. पैसे देण्याच्या कलमात शब्द होता ‘डिंगजिन’. मी कोश उघडला. डिंगजिन: डिपॉझिट, डाउन पेमेंट. मी ‘अ‍ॅडव्हान्स’ लिहून मोकळा झालो. दोन दिवसांनी खरेदीदाराच्या वकिलांचा फोन. ते म्हणाले, “अहो, हा विसार आहे की नुसता आगाऊ?” मी गप्प. कोशात परत पाहिलं तर डिंगजिन या उच्चाराचे, अगदी सुरासकट एकसारखे, दोन शब्द होते. एकातलं पहिलं अक्षर ‘ठरवणं, पक्कं करणं’ या अर्थाचं, दुसऱ्यातलं ‘नोंदणी करणं’ या अर्थाचं, डाव्या बाजूला ‘बोलणं’ दाखवणारं चिन्ह असलेलं. माझ्या कोशात दोघांपुढेही तेच दोन इंग्रजी शब्द छापलेले.

चिनी कायद्यात मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला, पक्का करणारा डिंगजिन म्हणजे हमी. देणारा करार मोडेल तर त्याचे पैसे बुडतात, घेणारा मोडेल तर त्याला दुप्पट परत करावे लागतात. ही तरतूद तेव्हाही होती. आज ती १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या नागरी संहितेच्या ५८७व्या कलमात आहे, आणि त्याच्या आधीचं कलम सांगतं की ही रक्कम मूळ व्यवहाराच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. दुसरा डिंगजिन म्हणजे साधी उचल. व्यवहार फिसकटला तर हिशेब करून परत, दुपटीबिपटीचा प्रश्न नाही. आपला ‘विसार’ पहिल्याच्या बराच जवळ जातो, पण ‘दुप्पट परत’ हा भाग विसार म्हटल्याने आपोआप येत नाही. वकिलांनी विचारलं म्हणून वाचलो. त्या दिवसापासून पैशाचा शब्द आला की मी कोशाला विचारतो, पण त्याच्या एकट्याच्या शब्दावर सही करत नाही.

इथे कोश चुकला का? तसा नाही. डिपॉझिट हा अर्थ दोन्हींना लागू आहे. पण कोशाने शब्दार्थ दिला, फरक दिला नाही. अनुवादकाला मात्र फरकच हवा असतो. म्हणून कोश तपासताना मी एक प्रश्न नेहमी विचारतो: एकमेकांशेजारी राहणारे दोन शब्द हा कोश वेगळे करून दाखवतो का, की दोघांना एकच सदरा घालतो?

याहून साधा दिसणारा आणि जास्त दगा देणारा शब्द म्हणजे ‘यीशांग’. कोशात सहसा ‘पेक्षा जास्त’, ‘वर’ असा अर्थ मिळतो. पण ‘तीन यीशांग’ म्हणजे तीनपेक्षा जास्त नव्हे, तीन किंवा त्याहून जास्त. नागरी संहितेच्या १२५९व्या कलमात हे चक्क लिहून ठेवलंय: यीशांग, यीशिया (तेवढा किंवा कमी) असे शब्द आले की तो आकडा धरायचा, ‘ओलांडून’ या अर्थाचा चाओगुओ आला की धरायचा नाही. आता ‘माल पोचवायला ३० दिवस यीशांग उशीर झाल्यास करार रद्द करता येईल’ असं वाक्य घ्या. तिसावा दिवस आत की बाहेर, एवढ्यावर भांडण होऊ शकतं. रोजच्या बोलण्यात चिनी माणूसही हे इतकं काटेकोर पाळत नाही, त्यामुळे संदर्भ पाहावाच लागतो. पण कराराचा कागद असेल तर कोशातला ‘पेक्षा जास्त’ तसाच उचलू नका.

तुमचं काम मशीनचं आहे, तर तिथली दोन सांगतो. नेमप्लेटवर ‘जिंग झिलियांग १,८५० किलो’ असं असतं. झिलियांग म्हणजे दर्जा, क्वालिटी, हे आपण पहिल्या वर्षी शिकतो. त्यामुळे ‘नेट क्वालिटी १,८५० किलो’ असं भाषांतर मी छापील मॅन्युअलमध्ये डोळ्यांनी पाहिलंय. झिलियांगचा भौतिकशास्त्रातला अर्थ वस्तुमान, म्हणजे ते निव्वळ वजन. चांगल्या कोशात हा अर्थ असतो, पुढे ‘भौतिक’ अशी खूणही असते. पण पत्र्याची पाटी वाचताना आपण भौतिकशास्त्रात आहोत हे कोणाच्या डोक्यात येतं? ही चूक कोशाच्या माथी मारता येत नाही.

दुसरा ‘तियाओशी’. सॉफ्टवेअरमध्ये तो डिबगिंग. म्हणून चिनी मॅन्युअलांच्या इंग्रजीत ‘मशीन बसवून झाल्यावर डिबगिंग करावे’ असलं काहीतरी सर्रास येतं आणि आपला फिटर डोकं खाजवतो. तो मशीन बसवून, सेटिंग करून, ट्रायल घेऊन चालू करण्याला कमिशनिंग म्हणतो. हा शब्द मला कोशाने दिला नाही. मी त्याच प्रकारच्या जर्मन मशीनचं इंग्रजी मॅन्युअल उघडलं आणि त्याच जागी, त्याच क्रमाने येणाऱ्या प्रकरणाचं शीर्षक पाहिलं. हा उपाय लिहून ठेवा. ज्या भाषेत लिहायचंय त्या भाषेतलं, त्याच विषयाचं, त्या धंद्यातल्या माणसाने लिहिलेलं काहीतरी शेजारी असू द्या. चिनी राष्ट्रीय मानकांपैकी जी परिभाषेची मानकं असतात त्यांतही बहुधा प्रत्येक संज्ञेपुढे इंग्रजी शब्द दिलेला असतो. बेअरिंग, वेल्डिंग, कपलिंग यांच्यासाठी मी आधी तिथे जातो, कोशात नंतर.

आता प्लेको. अ‍ॅप उत्तम आहे, माझ्याही फोनवर तेच आहे. पण त्याला एक कोश समजू नका. ते कपाट आहे, आत कोणती पुस्तकं ठेवलीत हे तुम्ही पाहायचं. फुकट मिळणाऱ्यांत एक असतो सीसी-सीईडिक्ट. १९९७ साली एका हौशी माणसाने सुरू केलेला आणि नंतर अनेकांनी भर घालून वाढवलेला हा खुला कोश. नवे शब्द, माणसांची-गावांची नावं, इंटरनेटवरची बोली यांत तो मोठमोठ्या छापील कोशांना मागे टाकतो. पण शब्दाची जात बहुतेक ठिकाणी नाही, उदाहरणवाक्यं नाहीत. आणि खुला असल्यामुळे तो निम्म्या अ‍ॅपांत आणि संकेतस्थळांत आतून बसलेला असतो. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं म्हणतात, “सर, तीन ठिकाणी पाहिलं, तिन्हीकडे हाच अर्थ.” अरे, ते तीन साक्षीदार नव्हेत. एकच साक्षीदार तीन दारांतून आत आलाय.

शब्दाची जात हवीच का, असं वाटत असेल तर ‘बांगमांग’ बघा. अर्थ मदत करणं. पण हा शब्द मधोमध तुटतो: ‘बांग’ आणि ‘मांग’ यांच्यामध्ये ‘मला’, ‘एक मोठी’ असे चार-पाच शब्द येऊन बसतात. एबीसीमध्ये अशा शब्दापुढे क्रियापद-कर्म अशी खूण असते. ती पाहिली की वाक्यात दूर पडलेला ‘मांग’ डोळ्यांना दिसतो. खूण नसेल तर नवखा माणूस मांग वेगळा शोधतो, त्याचा ‘व्यग्र’ असा अर्थ उचलतो आणि भलतंच वाक्य तयार करतो.

शब्दावर बोट ठेवलं की अर्थ दाखवणाऱ्या खिडक्यांपासूनही सावध. चिनीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे ही साधनं डावीकडून जो सगळ्यांत लांब शब्द जुळेल तो उचलतात. ‘जीवनाच्या उगमाचा अभ्यास’ या अर्थाची अक्षरं ओळीने आली की ‘येनजिउ’ म्हणजे अभ्यास आणि ‘शंगमिंग’ म्हणजे जीवन असं तोडायला हवं. खिडकी उचलते ‘येनजिउशंग’, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थी. मग उरलेला एकटा मिंग कुठे लावायचा ते तुम्ही बघा.

मग भरवसा कशावर ठेवायचा? माझं उत्तर थोडं निराश करेल. चिनी-इंग्रजी नव्हे, चिनी-चिनी कोशावर. ‘शियानदाय हानयू त्सदियान’ हा कमर्शियल प्रेसचा कोश रोज माझ्या टेबलावर असतो. पहिली अधिकृत आवृत्ती १९७८ची, २००५च्या पाचव्या आवृत्तीत त्यांनी शब्दांच्या जाती दिल्या, माझ्याकडची सातवी २०१६ची. सुमारे ६९ हजार नोंदी. बारा खंडांच्या ‘हानयू दा त्सदियान’मध्ये पावणेचार लाखांच्या आसपास आहेत, म्हणजे हा त्यापुढे लिंबूटिंबू. पण वापरात असलेल्या शब्दाची व्याख्या त्यात दोन ओळींत, नेमकी मिळते. दोन डिंगजिन मला अखेर चिनी व्याख्या वाचूनच वेगळे कळले. नोंदींच्या आकड्यावर भुलू नका, हेही त्यातच आलं. जाहिरातीत ‘अमुक लाख शब्द’ असतं, पण अनुवादकाला आडवे येणारे शब्द दुर्मीळ नसतात. झिलियांग, यीशांग, गोंगयी (उत्पादनाची प्रक्रिया), युआनझशांग (तत्त्वतः) असले रोजचेच असतात. एचएसके पाच झालेल्याला चिनी व्याख्या सुरुवातीला जड जातील. पहिले सहा महिने वेळ लागतो, मग वाचतो.

म्हणून कोशाची परीक्षा घ्यायची तर स्वतःच्या अडलेल्या शब्दांवर घ्या. मी एक वही ठेवतो. ज्या शब्दाने मला अर्धा तास खाल्ला तो तिच्यात जातो, वाक्यासकट. असे तीस-चाळीस जमले की नवा कोश विकत घेण्याआधी त्यांतले पंधरा-वीस त्यात पाहायचे. प्रतिशब्द आहे का हे पाहायचं नाही, तो असणारच. तो माझ्या वाक्यात बसतो का, बसत नसेल तर का बसत नाही हे कोश सांगतो का, शब्द कागदोपत्री आहे की बोलण्यातला, तैवानमध्ये वेगळा अर्थ आहे का, एवढं बघायचं. ‘तूदोउ’ म्हणजे चीनमध्ये बटाटा, तैवानमध्ये शेंगदाणा. ही नोंद नसलेला कोश मी पाककृतीसाठीसुद्धा वापरणार नाही. वीस शब्दांपैकी सात-आठ ठिकाणी जरी कामाचं काही मिळालं तरी मी तो घेतो. याहून मोठी अपेक्षा मला कुठल्याच कोशाकडून नाही.

नातेवाईकांचे शब्दही चाचणीला चांगले. ‘जिउजिउ’पुढे नुसतं अंकल लिहिणारा कोश बाजूला ठेवा, ‘आईचा भाऊ’ लिहिणारा जवळ ठेवा. आणि उद्या कोणी तुम्हाला थेट मराठीत अनुवाद मागितला तर इंग्रजीतून वळसा घेऊ नका. जिउजिउ म्हणजे मामा, गूगू म्हणजे आत्या, वडिलांचा मोठा भाऊ बोबो आणि धाकटा शूशू. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘तांग’ लागलेली भावंडं चुलत. ‘बियाओ’मध्ये मात्र आते, मामे, मावस तिन्ही येतात. तिथे चिनी आपल्यापेक्षा मोघम आहे आणि मूळ मजकुरात नातं शोधावं लागतं. इंग्रजी कोशात या सगळ्यांचं कझिन होऊन बसतं.

असाच एक वाक्प्रचार आहे, ‘बान जिन बा लियांग’. शब्दशः अर्धा जिन, आठ लियांग. जुन्या मापात एका जिनाचे सोळा लियांग होते (चीनमध्ये १९५९ साली दहा केले), म्हणून दोन्ही सारखंच. इंग्रजी कोश त्यापुढे अर्ध्या डझनाची म्हण ठेवतात. पण आपल्या शेराचेही सोळाच छटाक! अर्धा शेर काय नि आठ छटाक काय. एका ओळीत जमतं, फक्त शेर-छटाक ठाऊक असलेला वाचक हवा. नाहीतर एकाच माळेचे मणी आहेतच. आकड्यांतही आपण सुखी: वान म्हणजे दहा हजार, यी म्हणजे दहा कोटी, आणि वान-यी म्हणजे बरोब्बर एक लाख कोटी. अर्थसंकल्पाच्या बातम्या वाचणाऱ्याला ट्रिलियनची शून्यं मोजत बसावं लागत नाही.

तर तुमच्या खिशाचं गणित असं करा. प्लेको राहू द्या, त्यात पैसे भरून एबीसी आणि एक चिनी-चिनी कोश जोडा. ‘शियानदाय हानयू त्सदियान’ छापील घ्या, पानं चाळताना शेजारचे शब्द दिसतात. १९७८चा हान-यिंग कुठे स्वस्तात मिळाला तर वाक्यांसाठी ठेवा, घोषणा सोडून वाचा. बाकी पैसे मानकं आणि मॅन्युअलं जमवण्यात घाला. करारांची कामं वाढली तर नागरी संहिता चिनी आणि इंग्रजी शेजारी-शेजारी ठेवून वाचा, निदान करारांचा भाग तरी.

राहिला मॅथ्यूज. १९३१ साली शांघायमध्ये चायना इनलँड मिशनसाठी छापलेला, १९४३ साली हार्वर्डने सुधारून काढलेला. पावणेआठ हजारांच्या आसपास अक्षरं. आपल्याकडे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचं जे स्थान तेच साधारण याचं. मोल्सवर्थ १८३१चा, दुसरी आवृत्ती १८५७ची, आणि आजही जुन्या कागदातला शेतीचा किंवा गावगाड्यातला शब्द अडला की आपण तोच उघडतो. पण फ्लॅटचा करार करताना कोणी मोल्सवर्थ काढत नाही. मॅथ्यूजही तसाच: शंभर वर्षांपूर्वीचं पत्र, सरकारी हुकूम, जुनी पावती समोर आली तर सोनं. इंजेक्शन मोल्डिंग मशीनच्या पॅनेलवरच्या अक्षरांना तो काय सांगणार?

शिवाय त्यातलं स्पेलिंग पिनयिन नव्हे, वेड-जाइल्स या जुन्या रोमन पद्धतीच्या वळणाचं. पिनयिनमधली चार वेगळी व्यंजनं तिथे ‘सीएच’ या एकाच जोडीखाली येतात, फरक वर एक बारीकसं चिन्ह असण्या-नसण्याचा. हात बसेपर्यंत वैताग येतो. तरी हौस असेल आणि भाव बरा असेल तर घ्या, माझ्याकडेही आहे. फक्त दुकानातच पुस्तक उलटं करून मागची पानं तपासा. कोश उच्चाराच्या क्रमाने लावलेला आहे, त्यामुळे ज्या अक्षराचा उच्चारच माहीत नाही ते शोधायला शेवटी दिलेली मूलचिन्हांची सूची लागते. सेकंडहँड पुस्तकात नेमकी तीच पानं सुटून गेलेली असतात. ती नसतील तर कितीही स्वस्त असला तरी तिथेच ठेवून या.